सरळ डोळ्याचा दाखला

मला सरळ डोळ्याचा तात्पुरता दाखला मिळाला तेव्हा माझ्या हातात एक कागद होता आणि मला दोन दिसत होते. दोन्हींवर हॉस्पिटलचा शिक्का, दोन्हींवर जुलेखा दस्तगीर मुजावर हे माझं नाव, आणि दोन्हींवर ठळक अक्षरांत लिहिलेलं: डावा डोळा, विचलन शून्य अंश. दस्तगीर म्हणजे माझा नवरा. एरवी मी त्यांचं नाव घेत नाही, पण नुसतं ‘हे’ म्हटलं तर वाचणाऱ्याला कोण ते कळायचं नाही. त्यांनी गल्लीत पेढे वाटले. मी म्हटलं, अहो, मला अजून दोन-दोन दिसतंय. ते म्हणाले, होईल सगळं नीट, आधी तोंड गोड कर.

मी मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढते. काम माझ्या वडिलांचं. दोघा भावांनी बाहेर नोकऱ्या धरल्या आणि कानस माझ्या हातात आली. आता भोपळे कारखान्यात छापून येतात, दांड्या यंत्र कापतं, खुंट्यासुद्धा तयार येतात. जवारी मात्र यंत्राला अजून जमलेली नाही. तंबोऱ्याच्या चार तारा भोपळ्यावरच्या ज्या छोट्या पाटावरून जातात त्याला आम्ही घोडी म्हणतो. तिच्या माथ्याला कानशीनं इतका बारीक उतार द्यायचा, की तार तिला टेकावी पण चिकटून बसू नये. मग तारेखाली सुती दोरा सरकवायचा आणि तो मागेपुढे करत राहायचं. एका जागी तार अशी बोलायला लागते की अख्खं घर भरून जातं. दोऱ्याची जागा कानाला सापडते, पण उतार डोळ्यांनी काढायचा असतो, आणि त्याला दोन्ही डोळे लागतात. तार आणि घोडी यांच्यातली फट केसाहून कमी. ती किती आहे हे एकट्या डोळ्याला कळतच नाही.

माझा डावा डोळा मी तीन वर्षांची असल्यापासून नाकाकडे ओढलेला. शाळेत पोरं चकणी म्हणायची. मास्तर ‘फळ्याकडे बघ’ म्हणून खेकसायचे तेव्हा मी फळ्याकडेच बघत असायचे. पण एक सांगते, त्या वाकड्या डोळ्याने मला कधी दोन दिसलं नाही. जवारी मी त्याच डोळ्यांनी शिकले आणि वडिलांनी कधी माझ्या कामावर बोट ठेवलं नाही. मग विसाव्या वर्षी लग्न ठरलं. सासरच्यांना फोटोत सरळ बघणारी सून हवी होती, म्हणून लग्नाआधी पहिलं ऑपरेशन झालं आणि नसती ब्याद मागे लागली.

डोळ्याचा गोळा सहा स्नायू फिरवतात. तिरळेपणाच्या ऑपरेशनात डॉक्टर त्यातला एखादा स्नायू गोळ्यावरून सोडवतात आणि थोडा मागे किंवा पुढे शिवतात. माझ्या डॉक्टरांनी ते चांगलंच केलं होतं. घात केला माझ्याच शरीराने. जखम दिसली की शरीर तिथे तंतू विणायला बसतं. हात कापला तर त्याचा नुसता व्रण होतो. डोळ्यात तेच तंतू स्नायूला गोळ्याशी, भोवतीच्या आवरणाशी, मागच्या चरबीशी चिकटवून टाकतात. जिथे सगळं घसरायला हवं तिथे सगळं जखडतं. वर्षभरात माझा डोळा मध्येच अडकला, ना सरळ ना पहिल्यासारखा, आणि मला दोन दिसू लागलं. दुसरं ऑपरेशन झालं ते हे चिकटलेलं सोडवायला. सोडवताना नवी जखम झाली, नव्या जखमेवर नवे तंतू आले, आणि मी आगीतून फुफाट्यात पडले.

त्यानंतर कितीतरी वर्षं मी डाव्या डोळ्यावर पट्टी लावून काम केलं. चार तारांच्या आठ दिसण्यापेक्षा ते बरं. पण उतार चुकायला लागला. तो मी कानाने सावरत होते, दोरा इकडे-तिकडे करून वेळ मारून नेत होते. एकदा धारवाडच्या एका गायिकेने तंबोरा परत पाठवला. सोबत दोन ओळींची चिठ्ठी होती: तार बोलत नाही, कण्हते. आमच्या घरातून गेलेला तंबोरा त्याआधी कधी माघारी आला नव्हता. त्या दिवशी मला इतकी लाज वाटली की मी दार लावून घेतलं आणि कुणाशी बोलले नाही.

डॉ. सुजाता मगदूम यांची आणि माझी गाठ पडली ती त्यानंतर. त्यांनी मला पापुद्र्याबद्दल सांगितलं. रेशमातल्या प्रथिनापासून केलेला, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असा पडदा, तो ऑपरेशन करताना स्नायूभोवती गुंडाळतात. तंतू विणणाऱ्या पेशींची एक खोड आहे, त्या म्हणाल्या. काहीतरी घट्ट धरून ताणायला मिळालं तरच त्या विणतात. पापुद्रा दोन्ही बाजूंनी इतका निसरडा की त्यांना धरायलाच काही मिळत नाही. असे पडदे, असे लेप पूर्वीही लावून बघितले होते. काही दोन आठवड्यांत विरघळायचे आणि तंतूंना रान मोकळं व्हायचं, काही विरघळायचेच नाहीत आणि डोळ्याला खुपत राहायचे. हा नेमके नव्वद दिवस टिकतो. तोवर जखम शांत झालेली असते. मग तो विरघळतो आणि स्नायूचं टोक त्या दिवशी जिथे असेल तिथे कायमचं धरतं.

यातून एक नवीच सोय झाली होती. स्नायू नव्वद दिवस कुठे चिकटत नाही, म्हणजे नव्वद दिवस तो हलवता येतो. त्याच्या टोकाशी तांदळाच्या कणीएवढा आटे पाडलेला मणी बसवतात. बाहेरून पापणीवर चुंबकाची कडी धरून फिरवली की आतला मणी फिरतो आणि डोळा एका फेरीला पाऊण अंश वळतो. पुन्हा सुरी नको, टाका नको. फक्त आटे नाजूक, चाळीस फेऱ्यांच्या पुढे भरवसा नाही. मला हसू आलं. तंबोऱ्याची तार बारीक लावायलासुद्धा मणीच असतात. मी म्हटलं, डॉक्टर, हे तर आमच्या घरातलंच काम निघालं.

ऑपरेशन झालं. आठवड्याने डॉक्टरांनी पापणीवर कडी ठेवली, समोरच्या कॅमेऱ्याने माझ्या दोन्ही बुबुळांवरचा उजेडाचा ठिपका मोजला, आणि एकवीस फेऱ्यांनंतर यंत्राचा दिवा हिरवा झाला. पापुद्र्याबद्दल माझी काही तक्रार नाही, त्याने आपलं काम चोख केलं होतं. डोळा वर, खाली, कोपऱ्यात, मागेन तिथे जात होता, कुठे ओढ नाही की अडखळणं नाही. आरशात बघितलं तर दोन बायका माझ्याकडे सरळ बघत होत्या.

डॉक्टर म्हणाल्या, मेंदूला वेळ द्या. मी दिला. तिसाव्या दिवशी तो तात्पुरता दाखला मिळाला. पक्का मिळणार होता नव्वदाव्या दिवशी. घरात दस्तगीर दिवसातून चार वेळा माझ्या डोळ्यात थेंब घालायचे, घड्याळ लावून, एकदाही न चुकता. थेंब घालून झाले की माझी हनुवटी धरून बघत बसायचे आणि खूश व्हायचे. आणि मी दोन दस्तगीरांकडे बघत असायचे, त्यातला खरा कुठला ते हाताने चाचपून ठरवायचे.

साठाव्या दिवशी मी डॉक्टरांकडे जाऊन सरळ सांगितलं की काही फरक नाही. त्यांनी माझ्या डाव्या डोळ्यापुढे एकामागून एक प्रिझम धरले, म्हणजे समोरचं चित्र बाजूला सरकवणारी काच. काचा बदलत गेल्या तसे समोरचे दोन दिवे जवळ येत गेले, आणि एका काचेला एकमेकांत जाऊन बसले. कितीची काच, मी विचारलं. नऊ अंश आत, नाकाकडे, त्या म्हणाल्या.

मग त्यांनीच मला समजावलं. तीन वर्षांच्या पोरीचा डोळा आत वळतो तेव्हा मेंदू दोन चित्रं बघून हैराण होतो, आणि लहान असल्यामुळे आपला नकाशाच बदलून घेतो. आत वळलेल्या डोळ्याला तो वळलेल्या जागीच धरून उजव्याशी जोड लावतो. सगळ्यांच्या बाबतीत असं होत नाही, आणि झालं तरी ती जोड बहुधा कच्ची असते. माझी पक्की झाली होती. सतरा वर्षं मी त्या नकाशावर जगले आणि जवारी काढली. आता चाळिशीत मेंदू नवा नकाशा करायला तयार नव्हता. मी म्हटलं, मग चूक कुणाची आहे ते कळलं, बारा फेऱ्या उलट्या घ्या आणि माझा डोळा होता तिथे नेऊन ठेवा.

त्या तयार होईनात. आधी त्या काचेचा चष्मा करून दिला. बाटलीच्या बुडासारखी जाड काच, तारेच्या दोन्ही कडांना रंगीत झालर, फट कुठली दिसतेय. तो परत केला तेव्हा म्हणाल्या, वाकडा ठेवण्यासाठी कुणी डोळ्याचं ऑपरेशन करत नाही, जुलेखाताई. पापुद्रा आणि मणी बनवणाऱ्या कंपनीचा नियम होता की कडी फक्त शून्याकडे फिरवायची. यंत्र दुसऱ्या दिशेला कुलूप लावून बसलं होतं. दोन अंशांच्या आत आलं तर यशस्वी, बाहेर गेलं तर असफल. माणसाला काय दिसतं याचा फॉर्मवर रकानाच नव्हता. मी तो फॉर्म तीनदा वरून खाली बघितला, उजवा डोळा उघडा ठेवून.

घरी भांडण झालं ते मी लपवणार नाही. दस्तगीरना वाटलं मला वेड लागलंय. सरळ झालेला डोळा कुणी हातानं वाकडा करतं का, हात दाखवून अवलक्षण कशाला. लोक तुला चकणी म्हणतात ते मी वीस वर्षं ऐकलंय, म्हणाले, आता कुणी म्हणत नाही. दोन दिसतंय तर एक डोळा मीट, तुला सवय आहे. मी म्हटलं, ऐकलं तुम्ही, पण म्हणत होते ते मला. ते दुखलं ते माझं दुखलं, त्याची भरपाई तुम्ही माझ्या कामातून का करून घेताय. ते उठून बाहेर गेले. चार दिवस थेंब मात्र वेळेवर घालत राहिले, आणि त्या चार दिवसांत मला त्यांचा जितका राग आला तितकीच त्यांची कीवही आली.

दिवस सरत होते. पापुद्रा विरघळला की संपलं, डोळा सरळ जागी धरणार आणि मी मरेपर्यंत पट्टी लावून बसणार. चौथं ऑपरेशन होणार नाही, तिथे शिवायला धड जागा उरलेली नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. शहाऐंशीव्या दिवशी सकाळी मी धारवाडहून परत आलेला तो तंबोरा रिक्षात घातला आणि हॉस्पिटलात गेले. दस्तगीर मागोमाग आले. तंबोरा बघून बाकावरचे पेशंट सरकून बसले.

डॉक्टरांना मी म्हटलं, तुमच्या फोनवर सूर मोजायचं यंत्र लावा. त्यांनी लावलं. मी चारही तारा लावल्या आणि चारही वेळा हिरवा दिवा आला. मग मी तंबोरा छेडला. आवाज कसा, तर डबा वाजवल्यासारखा. तुमच्या यंत्राच्या मते हा बरोबर आहे, मी म्हटलं, आणि तारांखालचे दोरे एकेक करून सरकवले. उतार चुकलेला होता त्यामुळे फार काही होणार नव्हतं, पण तिसरी तार बोलली. खोलीत थोडा वेळ तेवढंच ऐकू येत होतं. डॉक्टरांनी फोनकडे बघितलं. दिवा आधी होता तसाच हिरवा होता.

“डोळा म्हणजे तंबोरा नव्हे, ताई,” त्या हळूच म्हणाल्या.

“नव्हेच. तंबोरा मी दुसऱ्यासाठी लावते. डोळा माझा आहे.”

त्यांनी दार लोटून घेतलं. मग खरं ते बोलल्या. या पद्धतीचे त्यांचे अकरा पेशंट, दहांचे हिरवे झालेले. अकराही हिरवे झाले तर दुसऱ्या डॉक्टरांना शिकवायचं केंद्र याच हॉस्पिटलात येणार होतं. माझ्यामुळे लाल लागलं की ते दुसऱ्या गावाला जाणार. मला वाईट वाटलं. बाई भली होती आणि तिच्याच हाताने माझा डोळा मोकळा झाला होता. पण मी मागे हटले नाही. मी म्हटलं, डॉक्टर, तुमचे दहा आहेत, मला हा एकच आहे.

यंत्राला एक आडवाट होती. पेशंटने उपचार नाकारले असं लिहून दिलं तर कुलूप उघडायचं, पण मग डॉक्टरांनी कडीला हात लावायचा नाही. फिरवायची तर पेशंटने स्वतः, आपल्या जबाबदारीवर. मी सही केली. त्यांनी कडी माझ्या पापणीवर बसवून दिली, एकोणीस फेऱ्या शिल्लक आहेत असं सांगितलं, आणि दोन्ही हात मागे बांधून उभ्या राहिल्या. दस्तगीरना समोर स्टुलावर बसवलं. मी त्यांच्याचकडे बघून कडी फिरवायला लागले.

दोन दस्तगीर जवळ येऊ लागले. सहाव्या फेरीला त्यांचे खांदे एकमेकांत गेले, दहाव्याला कान. बाराव्या फेरीला एक झाले. तिथे मी थांबायला हवं होतं, आणि कुठलाही शहाणा माणूस थांबला असता. पण मी लहानपणापासून तारा लावत आलेय. तार सुरावर आणायची तर आम्ही नुसती सुरावर आणत नाही, आधी सुराच्या पलीकडे सैल सोडतो आणि मग ताणत ताणत वर आणतो, नाहीतर ती खुंटीवर आळस धरते आणि नंतर उतरते. हाताला तेच वळण. माझ्या बोटांनी मला न विचारता आणखी तीन फेऱ्या घेतल्या आणि मग तीन उलट्या.

तारेला स्वतःचं काही म्हणणं नसतं. स्नायूला असतं. उलट्या फेऱ्यांत तो स्वतःही ओढला गेला आणि तीन फेऱ्यांत चार फेऱ्यांचं अंतर कापून बसला. दस्तगीरांच्या चेहऱ्याला पुन्हा दुहेरी काठ आला, सरकलेल्या छपाईसारखा. “थांबा,” डॉक्टर म्हणाल्या. अठरा फेऱ्या झाल्या होत्या, राहिली एक. मी स्वतःलाच एक शिवी दिली.

डॉक्टरांनी समजावलं की आता इथेच सोडा. शेवटच्या फेरीला आटे तुटू शकतात, आणि तुटले तर स्नायू सुटून मागे जाईल. तो मग कुणाच्याही हाती लागायचा नाही, डोळा कायमचा बाहेर फेकला जाईल. आत्ता आहे ते पुष्कळ आहे. वाचता येईल, रस्ता ओलांडता येईल, भाकरी भाजता येईल. दस्तगीर स्टुलावरून उठून पुढे आले. वीस वर्षांत त्यांनी मला कधी अशी गळ घातली नव्हती.

“जुलेखा, बास कर. मी चष्म्याचं बघतो, तंबोऱ्याचं बघतो, कायपण बघतो. पण डोळा घालवू नकोस.”

मी घाबरले होते, खोटं कशाला बोलू. पण दुहेरी काठाने जवारी निघत नाही. मला रस्ता ओलांडायचा नव्हता. मला फट बघायची होती, आणि माझ्या चुकीपायी ती एका फेरीच्या अंतरावर राहिली होती. आजवर माझा डोळा सासरच्यांच्या फोटोसाठी हलला, यंत्राच्या दिव्यासाठी हलला. एकदा तो माझ्यासाठी हलणार होता, आणि तुटलाच तर माझ्या हाताने तुटणार होता. मी दस्तगीरना म्हटलं, स्टुलावर बसा. ते बसले. मी कडी धरली आणि यावेळी पलीकडे जायचं नाही असं बोटांना बजावलं. मग शेवटची फेरी सावकाश, पाव-पाव करत, नाकाकडे घेतली.

आत कुठेतरी कच्चकन वाजल्यासारखं झालं. डॉक्टर पुढे झाल्या, टॉर्च धरला, वर बघा, खाली बघा म्हणाल्या. मी बघितलं. त्यांनी श्वास सोडला आणि मान हलवली, धरलंय. यंत्राचा दिवा लाल झाला होता. कागद बाहेर आला: विचलन नऊ अंश आत, उपचार असफल. त्यांनी तो माझ्यापुढे ठेवला. मी तो वाचला, एकच होता, आणि खाली सही केली.

दस्तगीर जवळ येऊन माझ्यासमोर वाकले. त्यांचा चेहरा पार उतरला होता.

“माझ्याकडे बघ की,” ते म्हणाले.

“बघतेय.”

“नाही. तू दाराकडे बघतेयस.”

“दाराकडे बघतेय असं तुम्हाला दिसतंय,” मी म्हटलं. “तुमच्या डाव्या भुवईत एक पांढरा केस आलाय. मला तो दिसतोय, आणि तो एकच आहे.”